मैदान कुणाच्या अंगणात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



२०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाची सोडत डिसेंबर २०२५ मध्ये निघाली आणि सलामीची जोडी जाहीर झाली : मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका. फुटबॉलची थोडीफार आवड असलेल्यांना लगेच ११ जून २०१० चा दिवस आठवला असेल. तेव्हाही सलामीला हेच दोन संघ होते. फरक एवढाच, की तेव्हा यजमान दक्षिण आफ्रिका होता. जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर त्शाबालालानं डाव्या पायानं मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि अख्खा देश उठून उभा राहिला. पुढे मेक्सिकोनं बरोबरी साधली, सामना १-१ असा सुटला. आफ्रिका खंडात भरलेला तो पहिला विश्वचषक.

मला आज गोलांविषयी बोलायचं नाही. लग्नाचा मांडव उतरला, पाहुणे गेले, की घर कसं दिसतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मोठी स्पर्धा एखाद्या शहरात येते, महिनाभर मुक्काम करते आणि जाते. मग त्या शहराचा जो रोजचा फुटबॉल असतो, त्यावर जीव टाकणारा जो रोजचा प्रेक्षक असतो, त्याचं काय होतं? एवढाच माझा प्रश्न आहे. आणि उदाहरण म्हणून मी केपटाऊन घेणार आहे.

केपटाऊनच का, तेही सांगतो. रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान मोहल्ल्यांत केपटाऊन हे जवळजवळ शेजारच्या तालुक्यासारखं नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आमच्या खाडीकाठच्या गावांतले पुरुष तिकडे जात राहिले. कुणी गोदीत हमाली केली, कुणी दुकानात नोकरी धरली, कुणी फळं-भाजी विकली. बायकामुलं वर्षानुवर्षं इकडे गावी. तिथले कायदेच तसे होते. पुढे काही कुटुंबं तिकडची झाली. माझ्या आईचे एक चुलतभाऊ, आमचे मामू, त्यांतलेच. त्यांचे थोरले चिरंजीव माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, त्यांना आम्ही भाईजान म्हणतो. ते रायलँड्स नावाच्या वस्तीत राहतात. तिथून अ‍ॅथलोन स्टेडियम पायी जाण्यासारखं. २०१३ च्या डिसेंबरात त्यांच्या मुलीच्या निकाहला मी गेलो होतो. तेव्हा आणि नंतरही फोनवर या विषयावर आमचं पुष्कळ बोलणं झालं.

हे लोक रायलँड्समध्ये हौसेनं राहायला गेलेले नाहीत. १९५० साली तिथल्या गोऱ्या सरकारनं एक कायदा केला. कुठल्या वर्णाच्या माणसानं शहराच्या कुठल्या भागात राहायचं, हे त्या कायद्यानं ठरवलं. केपटाऊनच्या अगदी मध्यावर 'डिस्ट्रिक्ट सिक्स' नावाची गजबजलेली वस्ती होती. मशिदी, चर्च, दुकानं, शाळा, सगळ्या जातीधर्मांची माणसं. १९६६ मध्ये ती गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि साठ हजारांहून अधिक माणसांना उठवून दूर 'केप फ्लॅट्स'वर नेऊन टाकलं. केप फ्लॅट्स म्हणजे वाळूचं, भणाणत्या वाऱ्याचं सपाट माळरान. अ‍ॅथलोन आणि रायलँड्स त्याच माळावर.

घर गेलं, शेजार गेला. फुटबॉल मात्र माणसं बरोबर घेऊन गेली. वाळूत मैदानं आखली, क्लब पुन्हा उभे केले, वर्गण्या काढल्या. गोऱ्यांची संघटना वेगळी, बाकीच्यांची वेगळी. या भेदापायी फिफानं दक्षिण आफ्रिकेला १९६१ मध्ये निलंबित केलं, १९७६ मध्ये काढूनच टाकलं आणि १९९२ मध्ये परत घेतलं. मधल्या काळात तिथल्या वंशभेदविरोधी क्रीडा संघटनांची एक घोषणा फार गाजली. तिचा भावार्थ असा, की समाजच धड नसेल तर त्यातला खेळ धड कसा असेल?

केपटाऊनच्या किनाऱ्यावरून समोर समुद्रात रॉबेन बेट दिसतं. राजकीय कैद्यांचा तुरुंग तिथं होता. १९६० च्या दशकात त्या कैद्यांनी फुटबॉल खेळू द्या म्हणून वर्षानुवर्षं अर्ज केले. परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी 'मकाना फुटबॉल असोसिएशन' स्थापन केली आणि तिचा कारभार फिफाच्या नियमांबरहुकूम चालवला. पंच, समित्या, तक्रारींची सुनावणी, सगळं रीतसर. डिकगांग मोसेनेके हे त्या असोसिएशनचे अध्यक्ष होते. पुढे ते देशाचे उपसरन्यायाधीश झाले. २००७ मध्ये फिफानं या संघटनेला मानद सदस्यत्व दिलं. हे सांगतो अशासाठी, की त्या मातीत फुटबॉल ही नुसती बघण्याची गोष्ट कधीच नव्हती. सरकारनं माणसाचं सगळं काढून घेतल्यावर जे थोडंफार हातात उरलं, त्यात फुटबॉल होता.

आता विश्वचषकाकडे येऊ. यजमानपद मिळालं आणि केपटाऊनमध्ये सामने कुठल्या मैदानावर होणार, हा वाद सुरू झाला. मूळ प्रस्तावात न्यूलँड्सचं रग्बीचं मैदान होतं. मग अ‍ॅथलोनचं नाव पुढे आलं. त्यामागचा विचार सरळ होता. फुटबॉलवेडी माणसं तिथंच राहतात, मैदान तिथंच वाढवा. त्या निमित्तानं रस्ते होतील, गाड्या येतील, चार पैसे त्या वस्तीत खेळतील. पण शेवटी निवड झाली ग्रीन पॉइंटची. एका बाजूला समुद्र, मागे टेबल माउंटन, भोवती श्रीमंत वस्ती. पाहणीला आलेल्या फिफाच्या कुणा प्रतिनिधीनं म्हटलं होतं, की कोट्यवधी टीव्ही प्रेक्षकांना झोपड्या आणि गरिबी पाहायची नसते. तसं तिथल्या वृत्तपत्रात तेव्हा छापून आलं होतं. सुमारे साडेचार अब्ज रँड खर्चून ग्रीन पॉइंटला ६४ हजार प्रेक्षकांचं देखणं स्टेडियम उभं राहिलं. अ‍ॅथलोनच्या वाट्याला डागडुजी आणि संघांच्या सरावाचा मान आला.

भाईजान म्हणाले, "लग्न आमच्या घरचं, पण कार्यालय दुसऱ्याच्या दारात."

तरीही मी एकाच बाजूनं बोलणार नाही. त्या महिन्यानं केपटाऊनला जे दिलं, ते खोटं नव्हतं. शहराच्या मध्यापासून स्टेडियमपर्यंत अडीचेक किलोमीटरचा एक रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला होता. 'फॅन वॉक' म्हणायचे त्याला. तिकीट असो वा नसो, कुणीही चालावं. तोंडं रंगवलेली पोरं, वाजंत्री, बुरख्यातल्या बायका, गोरे म्हातारे, काळे विद्यार्थी, सगळे एका रस्त्यावर. अंधार पडल्यावर ज्या भागात पाय ठेवायला माणूस कचरायचा, तिथं रात्री अकराला लेकरं खांद्यावर घेऊन कुटुंबं हिंडत होती. भाईजानांच्या बेगम, आमच्या भाभीजान, स्टेडियमच्या आत एकदाही गेल्या नाहीत, पण त्या रस्त्यावरून तीनदा चालल्या. "आपल्या शहरात आपण पहिल्यांदा बिनधास्त चाललो," असं त्यांनी मला सांगितलं.

जोहान्सबर्गकडे तर याहून नवल घडलं. प्रिटोरियाचं रग्बीचं मैदान स्पर्धेसाठी ताब्यात गेल्यामुळे तिथल्या बुल्स संघाला मे २०१० मध्ये रग्बीचा उपांत्य आणि अंतिम सामना सोवेटोतल्या ऑर्लँडो स्टेडियमवर खेळावा लागला. रग्बी हा तिथं गोऱ्यांचा, त्यातही आफ्रिकानेर लोकांचा खेळ. सोवेटो म्हणजे काळ्यांच्या लढ्याचं माहेर. आयुष्यात कधी सोवेटोत पाऊल न टाकलेले हजारो गोरे निळे सदरे घालून तिथं आले, तिथल्या गल्ल्यांत बसून खाल्लंप्यायलं आणि व्हुव्हुझेला फुंकत परत गेले. फुटबॉलच्या विश्वचषकाची ही भेट रग्बीच्या प्रेक्षकाला मिळाली.

व्हुव्हुझेलाचं नाव निघालंच आहे. तो प्लॅस्टिकचा लांब कर्णा आपल्याही कानांत त्या महिनाभर घुमत होता. माझ्या घरी आमच्या अम्मींनी तर विचारलं होतं, "टीव्हीत मधमाश्यांचं पोळं बसलंय का?" दक्षिण आफ्रिकेच्या स्थानिक सामन्यांत हा कर्णा आधीपासून वाजत होता. विश्वचषकानं तो जगभर नेला. पण मी पडलो कवी. मला भाईजानांची दुसरीच तक्रार लक्षात राहिली. त्यांचं म्हणणं, पूर्वी मैदानात लोक गायचे. एका कोपऱ्यातून सूर निघायचा, दुसरीकडून त्याला उत्तर यायचं, खेळाच्या चढउतारासोबत गाणं वरखाली व्हायचं. कर्ण्याला एकच सूर. आपला संघ गोल करो की खावो, तो सारखाच वाजतो. आणि टीव्हीवर जगानं तोच ऐकला, म्हणून तोच आफ्रिकेचा आवाज ठरला.

तीच गोष्ट 'मकारापा'ची. खाणीत कामगार घालतात ते कडक शिरस्त्राण. १९७९ च्या सुमारास कैझर चीफ्स क्लबचे एक चाहते अल्फ्रेड बलोई यांनी ते कापून, वाकवून, रंगवून मैदानात घालायला सुरुवात केली. वरून येणाऱ्या बाटल्यांपासून डोकं वाचवणं, हा त्यामागचा साधा हेतू. त्यातून एक लोककला जन्माला आली. २०१० मध्ये तोच मकारापा आठवणवस्तू म्हणून दुकानांत टांगला गेला. एका कलावंताच्या हाताला काम मिळालं, ही चांगली गोष्ट. पण पाहुण्यानं हौस म्हणून डोक्यावर घातलेली वस्तू आणि चाहत्यानं आठवडाभर खपून आपल्या क्लबसाठी घडवलेली वस्तू, यांतलं अंतर सांगायला नको.

सगळ्यात मोठा बदल तिकिटापाशी झाला. तिथला चाहता सामन्याच्या दिवशी मैदानाच्या दाराशी जाऊन रोख पैसे देऊन तिकीट घेणारा. विश्वचषकाची तिकिटं आधी इंटरनेटवर, अर्ज भरून, सोडतीनं. ज्याच्याकडे संगणक नाही, बँकेचं कार्ड नाही, तो बाहेर. शेवटी एप्रिल २०१० मध्ये खिडकीवर रोखीनं विक्री सुरू केली, तेव्हा लोकांनी आदल्या रात्रीपासून रांगा लावल्या आणि पहिल्याच दिवशी विक्रीची यंत्रणा कोलमडली. स्थानिकांसाठी १४० रँडची स्वस्त तिकिटं होती, हे खरं. पण पद्धत परकी होती. मैदानाबाहेर भाकरी-मटण शिजवून विकणाऱ्या बायकांनाही पुरस्कर्त्यांसाठी आखलेल्या हद्दीच्या बाहेर थांबावं लागलं. सामन्याआधी त्यांच्याकडे जेवणं हा तिथल्या चाहत्याचा रिवाज. तो रिवाज महिनाभर बंद होता.

स्पर्धा संपली. ग्रीन पॉइंटचं स्टेडियम तीस वर्षं चालवायला घेणार म्हणून ठरलेली कंपन्यांची जोडी ऑक्टोबर २०१० मध्येच मागे सरली. हिशेब जमत नव्हता. भार महापालिकेवर आला. एवढं मोठं मैदान भरेल असा स्थानिक फुटबॉल सामना वर्षातून दोन-चार वेळाच व्हायचा, कैझर चीफ्स किंवा ऑर्लँडो पायरेट्स पाहुणे म्हणून आले तर. पाडून टाका, अशीही मागणी झाली. २०१३ मध्ये आफ्रिका खंडाची सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा दक्षिण आफ्रिकेतच भरली. पाच मैदानं निवडली गेली. केपटाऊन त्यांत नव्हतं! पुढे २०२१ पासून रग्बीचा स्टॉर्मर्स संघ तिथं मुक्कामाला आला आणि स्टेडियमला खरा भाडेकरू मिळाला. फुटबॉलसाठी बांधलेलं घर रग्बीनं वसवलं.

यात रग्बीचा काय दोष? तो प्रेक्षक जवळ राहतो, त्याच्याकडे गाडी आहे. केप फ्लॅट्सच्या माणसाची गोष्ट वेगळी. विश्वचषकाच्या निमित्तानं 'माय सिटी' नावाची उत्तम बससेवा सुरू झाली. पण केप फ्लॅट्सवरच्या मिचेल्स प्लेन आणि खायलित्शा या मोठ्या वस्त्यांपर्यंत ती पोचायला २०१४ उजाडलं. रात्री साडेसातचा सामना साडेनऊला संपतो. मग घरी कसं जायचं? त्यात २००७ मध्ये तिथल्या प्रीमियर सॉकर लीगनं एका क्रीडावाहिनीशी १.६ अब्ज रँडचा पाच वर्षांचा करार केलेला. क्लबांना पैसा मिळाला, खेळाडूंचे पगार वाढले, सामने घरबसल्या दिसू लागले. चाहता आणखी थोडा मैदानापासून दूर झाला. भाईजानांच्या नातवाला इंग्लंडच्या संघांची नावं तोंडपाठ आहेत. घरापासून पंधरा मिनिटांवरच्या अ‍ॅथलोनला तो आजोबांनी ओढून नेलं तरच जातो.

यावर कुणी म्हणेल, एवढं करून देशाचा खेळ तर सुधारला असेल. यजमान म्हणून खेळलेला दक्षिण आफ्रिका २०१० मध्ये पहिल्याच फेरीत बाद झाला. यजमानावर अशी पाळी विश्वचषकाच्या इतिहासात प्रथमच आली. नंतर २०१४, २०१८, २०२२, तिन्ही विश्वचषकांना तो पात्रही ठरला नाही. २०२६ साठी पात्र ठरला, तो कुणाच्या जोरावर? त्या संघातले बहुतेक खेळाडू देशातल्याच लीगमधले, विशेषतः मामेलोडी सनडाउन्स आणि ऑर्लँडो पायरेट्स या क्लबांचे होते. म्हणजे सोळा वर्षांनी संघ उभा राहिला तो क्लबांच्या रोजच्या मेहनतीवर. स्टेडियमचं छप्पर कितीही देखणं असलं, तरी त्याला खेळाडू लागत नाहीत.

आता थोडं आपल्याकडे पाहू, कारण आपणही यजमान झालो आहोत. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. सहा शहरांत सामने झाले, त्यांत नवी मुंबई आणि गोव्यातलं मडगाव होतं. एकूण तेरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. त्या वयोगटाच्या स्पर्धेतला तो उच्चांक होता. आपल्या राज्यात त्याआधी शाळाशाळांतून फुटबॉल वाटले गेले. आमच्या भागातल्या एका शाळेत मी पुढच्या वर्षी कवितेच्या कार्यक्रमाला गेलो, तेव्हा तो चेंडू कपाटात, करंडकांच्या शेजारी, चकचकीत अवस्थेत ठेवलेला पाहिला. शाळेला मैदानच नव्हतं. मास्तरांचा तरी काय इलाज!

त्या भारतीय संघात महाराष्ट्राचा एक मुलगा होता, अनिकेत जाधव. कोल्हापूरचा. हे काही आकाशातून पडलेलं नव्हे. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत : पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेच्या पेठा तिथं लोटतात. तिथं हुल्लड होते, दगडफेकही झालेली आहे, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण तिथल्या प्रेक्षकाला विचारा, संघ कुणाचा? तो म्हणेल, "आमचा." त्याच्या गल्लीतला पोरगा आत खेळत असतो, त्याच्या वर्गणीतून बूट आलेले असतात. असा 'आमचा' म्हणणारा प्रेक्षक कुठलीही जागतिक स्पर्धा आणून देत नाही. तो आधीपासून असावा लागतो. स्पर्धा त्याला बळ देऊ शकते किंवा बाजूला सारू शकते, एवढंच.

केपटाऊननं मला शिकवलं ते हे. मोठी स्पर्धा आणायला माझी हरकत नाही. पाहुणे यावेत, रोषणाई व्हावी. भाभीजानांना आपल्या शहरात निर्धास्त चालता आलं, ही किंमत पैशांत होत नाही. पण त्यांना जे मिळालं ते रस्त्यावर मिळालं, फुकट मिळालं, स्टेडियमच्या बाहेर मिळालं. ज्यावर अब्जावधी गेले, ते त्यांच्या वाट्याला आलं नाही. तेव्हा यजमानपदाचा हिशेब करताना पहिला प्रश्न विचारावा : मैदान कुणाच्या अंगणात बांधताय? दुसरा : सामना संपल्यावर तो माणूस घरी कसा जाणार? आणि तिसरा : स्पर्धा गेल्यावर पुढच्या रविवारी तिथं कोण खेळणार?

अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचं यजमानपद मिळालं आहे, ऑलिंपिकचीही आकांक्षा बोलून दाखवली जाते. खेळ कुठलाही असो, हे तीन प्रश्न बदलत नाहीत. त्यांची उत्तरं नकाशावर रेघ ओढण्याआधी मागायची असतात. मांडव उतरल्यावर ती मागून काही उपयोग नसतो.